मंगळवारची शेजारीण

याडी, काल बँकेतल्या एका पोरीनं मला तुझं नाव विचारलं. मिरची-मसाला दळायची वेगळी चक्की घ्यायची आहे, त्याच्या कर्जाचा फॉर्म भरायला मी वणीला गेले होते. नवऱ्याचं नाव, धंदा किती वर्षांचा, जागा स्वतःची का भाड्याची, हे सगळं मी धडाधड सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मग मान वर न करता ती म्हणाली, आईचं नाव? तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, तिनं पुन्हा विचारलं. रांगेत मागं उभी असलेली बाई खाकरली. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, ते घरून भरून आणते. आईचं नाव घरी जाऊन विचारून येणारी पन्नाशीची बाई त्या पोरीनं पहिल्यांदाच पाहिली असेल. तिनं कागद माझ्या हातात दिला आणि पुढच्या बाईला बोलावलं. वणीहून राजूरच्या रस्त्यापर्यंत ऑटोत तो कागद मी मांडीवर उपडा धरून आले, शेजारी बसलेल्यानं वाचू नये म्हणून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तुला जाऊन दहाच्या वर वर्षं झाली. हे पत्र तुला पोचणार नाही हे मला कळतं, एवढी काही मी येडी नाही. आणि पोचलं असतं तरी तुला वाचता कुठं येत होतं? तू शाईचा अंगठा उठवायचीस आणि मग तो पदराला पुसायचीस, म्हणून तुझ्या सगळ्या लुगड्यांच्या पदराला एकाच जागी निळा डाग असायचा. आपण दोघी घरात जी तांड्याची बोली बोलायचो ती मला लिहिता येत नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते आहे, बोललेलं तेवढं इकडच्या वऱ्हाडीत. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, कायची मास्तरीण होऊन राह्यली ही.

बापू गेला आणि वर्षाच्या आत तू उमरखेडकडचा आपला तांडा सोडून माझ्याकडं आलीस. भावाच्या घरी का राहिली नाहीस ते तू सांगितलं नाहीस आणि मीही खोदून विचारलं नाही. पण माझ्याकडं आलीस म्हणजे माझ्या घरात नाही आलीस. लेकीच्या घरचं अन्न खाऊन राहायचं नाही, हे तुझं पक्कं. जावई दोनदा हात जोडून म्हणाले, तरी तू आमच्या मागच्या गल्लीत एक टिनाची खोली भाड्यानं घेतलीस आणि तिसऱ्या दिवशी चूल मांडलीस. आमच्याकडं कधी चहा प्यायलीस तरी जाताना माझ्या पोरीच्या हातावर काहीतरी ठेवून जायचीस. मला राग यायचा. लोक काय म्हणतील, म्हाताऱ्या आईला लेकीनं वेगळं ठेवलं. तेव्हा मला काय ठाऊक की तुझी हीच रीत मी एक दिवस तुझ्याविरुद्ध वापरीन. तू खरोखरच माझ्या शेजारी राहत होतीस, याडी. म्हणून तर ते खोटं इतकं सहज निघालं.

सकाळी दिवस उगवायच्या सुमारास तू परात, पीठ आणि ठेच्याचा डबा घेऊन रस्त्यावर जायचीस. कोळशाचे ट्रक वजनाच्या काट्यावर रांग लावून उभे असतात, तिथून जरा अलीकडं, बाभळीखाली तुझी चूल. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी वांग्याचं भरीत, कधी नुसतं पिठलं. मी मदतीला यायचे तेव्हा माझी बडबड सुरू असायची आणि तू म्हणायचीस, थापताना बोलू नोको, भाकर फाटते. माझी फाटायचीच. तुझी कधी फाटलेली मी पाहिली नाही. सगळ्यात मला कोडं होतं ते तुझ्या उधारीचं. भरलेला ट्रक चंद्रपूरकडं निघाला की ड्रायव्हर जेवून तसाच जायचा आणि रिकामा परत येताना पैसे द्यायचा, दोन दिवसांनी म्हणा, आठ दिवसांनी म्हणा. वही नाही, पेन्सील नाही. माणसांची तोंडंही तुझ्या ध्यानात नसायची, ट्रकची तोंडं असायची. हिरव्या पोपटाचा, तुटक्या बंपरचा, काळी वेणी टांगलेला. मी एकदा म्हटलं, आणि नाही आला परत तर? तू फुंकणीनं विस्तव फुलवत म्हणालीस, ‘भूक लागली का येते. भूक कोठी जाते?’ मी कपाळावर हात मारून घेतला. दहावी शिकलेली ना मी! मला वाटलं धंदा कशाशी खातात ते हिला माहीत नाही.

आणि मग फायनान्सवाला साहेब आमच्या वस्तीत आला. पाच बायांचा गट करा, एकमेकींची हमी घ्या, दर मंगळवारी हप्ता भरा, तारण काही नको. तारण नको म्हणणारा माणूस आम्ही कधी पाहिला नव्हता. मला चक्की टाकायची होती. वस्तीतल्या बाया दळणासाठी पायलीचा डबा डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावी जायच्या, हे मी रोज पाहत होते आणि माझे हात शिवशिवत होते. गटात मी, शिवणकाम करणारी, बांगड्यावाली आणि कोंबड्या पाळणारी, अशा चौघी जमलो. पाचवी मिळेना. एकीच्या नवऱ्यानं नाही म्हटलं, एक माहेरी गेली ती आलीच नाही. साहेब म्हणाला, पुढच्या मंगळवारपर्यंत पाच झाल्या तर ठीक, नाहीतर मी दुसरी वस्ती पाहतो. मी त्या संध्याकाळी तुझ्या खोलीत आले. तू म्हणालीस, मले कायले कर्ज? माह्या चुलीले काय इंजिन बसवायचं हाय? मी म्हटलं, तुझ्या नावावर घेऊ, माझ्या चक्कीत घालू, हप्ता मी तुझ्या हातात देईन, तू फक्त मंगळवारी येऊन तो चटईवर ठेवायचा. तू चुलीतलं लाकूड मागं ओढलंस आणि म्हणालीस, बरं.

नियम आम्हाला मंगळवारी कळला. साहेबानं आधी समजावून सांगितलं की एका घरच्या दोघी एका गटात नको. सासू-सून नको, बहिणी नको, आई-लेक तर नकोच, कारण एक बुडाली की दुसरीही बुडते, मग हमी कोण घेणार? त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मग तुझ्याकडं बोट दाखवून त्यानं मला विचारलं, ह्या मावशी तुमच्या कोण? बांगड्यावाली चटईच्या काड्या तोडायला लागली. बाकीच्या दोघी खाली पाहत होत्या. त्यांनाही कर्ज पाहिजे होतं, पण खोटं बोलायचं काम माझं होतं. मी म्हटलं, ‘कोणी नाही, साहेब. शेजारीण आहे.’

कागदानं मला साथ दिली, याडी, हे मला आजही खुपतं. माझ्या आधारकार्डावर नवऱ्याचं नाव, तुझ्या कार्डावर बापूचं. आडनावं वेगळी, घर नंबर वेगळे. कागदावर मी त्यांची होते आणि तू बापूची होतीस, तुझी मी कुठंच नव्हते. साहेबानं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला आणि त्याला काहीही दिसलं नाही. वारस कोण, असं त्यानं तुला विचारलं तेव्हा तू माझ्याकडं पाहिलंस. मी घाईघाईनं म्हटलं, यांचा मुलगा आहे ना उमरखेडकडं, त्याचं लिहा. तू मान हलवलीस आणि अंगठा उठवलास. घरी आल्यावर तू चक्क हसलीस. आजपासून मी तुही कोन मंग, विचारलंस. मी म्हटलं, मावशी. आणि तुम्ही म्हणायचं एकमेकीला, साहेबासमोर. आपल्याकडं आईला तुम्ही म्हणतात का कधी? तुला तो खेळ वाटला आणि मला सुटका.

मग तू तो खेळ माझ्यापेक्षा जास्त इमानानं खेळलीस. मंगळवारी सकाळपासून तू मला हाक मारायची नाहीस. मिटिंगला माझ्याबरोबर चालत यायची नाहीस, मागून यायचीस आणि चटईच्या दुसऱ्या टोकाला बसायचीस. एकदा माझी पोरगी खेळता खेळता ओट्यावर आली आणि नानी म्हणत तुझ्या गळ्यात पडली. माझा जीव उडाला. मी हसून साहेबाला म्हटलं, ही सगळ्याच म्हाताऱ्यांना नानी म्हणते. तू तिचे हात गळ्यातून सोडवलेस आणि तिला माझ्याकडं लोटलंस, परक्याची पोर लोटावी तसं. त्यानंतर पोरीला मी मंगळवारी घरात कोंडून यायचे.

कर्जाला मी नावं ठेवणार नाही. नावं ठेवायची तर आधी मला ठेवावी लागतील. तुझं आणि माझं, अशा दोन कर्जांतून चक्की आली. शिवणवालीनं दुसरी मशीन घेतली आणि शाळेचे गणवेश शिवायला लागली. कोंबड्यावालीच्या कोंबड्या रोगानं मेल्या, तिनं दोन हंगाम कापूस वेचून हप्ते भरले आणि वर पुन्हा कर्ज घेतलं. मिटिंगच्या निमित्तानं आम्ही बाया दिवसाढवळ्या घराबाहेर बसायला लागलो, नवऱ्यांनी ते खपवून घेतलं, हेही काही कमी नव्हतं. चक्कीचं पहिलं दळण पडलं त्या दिवशी तू मला एक बटवा दिलास. तुझ्या लग्नातल्या घागऱ्याचा काठ उसवून तू तो शिवला होतास, आरसे लावलेले, दोरीला कवड्या. म्हणालीस, पैसा कमरेले पाह्यजे, गल्ल्यातला पैसा सगळ्याइले दिसते. मी तो रोज कमरेला खोचायचे. अजून आहे. आरसे पडलेत, दोन राहिलेत.

आता त्या मंगळवारचं सांगते. शनिवारी चक्कीचा पट्टा तुटला. तीन दिवस चक्की बंद आणि बायांचे डबे दुसऱ्या गावी. माझा स्वतःचा हप्ता मी बाजूला ठेवला होता. पट्ट्याचे पैसे बटव्यात घातले होते, मिटिंग संपली की तशीच वणीला जाऊन पट्टा आणायचा, म्हणून. सोमवारी संध्याकाळी तुझ्याकडं येऊन मी म्हटलं, याडी, पट्टा तुटला, या वेळी तूच पाह्यजो कसं तरी. तू हाव म्हणालीस. दुसरं काही विचारलं नाहीस. मी पाच मिनिटंही बसले नाही तिथं.

बांगड्यावालीच्या ओट्यावर चटई टाकलेली. आम्ही उभं राहून हात पुढं करून शपथ म्हटली, एकमेकींच्या अडचणीत धावून जाऊ वगैरे, दर वेळी म्हणतो तशी. चौघींनी हप्ते ठेवले. तू पदराची गाठ सोडलीस आणि त्यात जेवढं होतं ते चटईवर ठेवलंस. अर्ध्याहून कमी होतं. साहेब ओरडला नाही. तो कधीच ओरडायचा नाही. त्यानं पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि म्हणाला, बसा, मला घाई नाही. एकीचा हप्ता अडला की कोणीही उठायचं नाही, असा नियमच होता. कोंबड्यावालीच्या घरी दूध चुलीवर होतं, शिवणवालीचं गिऱ्हाईक येऊन उभं होतं. कोणी तुझ्याकडं पाहत नव्हतं आणि कोणी माझ्याकडं तर मुळीच नाही, कारण ते पैसे कोणाच्या चक्कीत फिरत होते ते तिघींनाही माहीत होतं. ऊन ओट्यावर चढत आलं. तेव्हा साहेब मला म्हणाला, ताई, गटप्रमुख तुम्ही आहात, तुम्ही बोला यांच्याशी.

आणि मी बोलले. मी म्हटलं, ‘मावशी, हप्ता भरनं होत नव्हतं तर गटात आल्या कायले तुम्ही? तुमच्यापायी आमी काहून लटकाव?’

हे बोलताना मी चटईकडं पाहत होते. तुझे पाय मला दिसत होते, टाचा फाटलेल्या, एका अंगठ्याला पिठाची पुटं. तू गुडघ्यावर हात रोवून उठलीस. मी वर पाहिलं तेव्हा तू माझ्या तोंडाकडं पाहत नव्हतीस, माझ्या कमरेकडं पाहत होतीस. बटवा तूच शिवलेला, भरलेला कसा दिसतो आणि रिकामा कसा, ते तुला नाही कळणार तर कोणाला? पण तू एवढंच म्हणालीस, ‘बरोबर हाय बाई तुमचं. आनतो मी.’ आणि ओट्यावरून उतरलीस. तुझ्यामागं कोणी गेलं नाही. मीही गेले नाही.

तू कुठं गेलीस ते मला नंतर कळलं, शिवणवालीच्या नवऱ्याकडून, तो काट्यावर हमाली करायचा. तू काट्यावरच्या रांगेत एकेका ट्रकपाशी जाऊन उभी राहिलीस आणि जेवणाचे पैसे मागितलेस. आयुष्यात पहिल्यांदा. हिरव्या पोपटाच्या ट्रकचा म्हातारा ड्रायव्हर, जो तुझ्या हातचं किती वर्षं खात होता देव जाणे, तो खाली उतरून म्हणाला, ‘काय झालं माय? भरोसा उठला का आमच्यावरून?’ तू काय उत्तर दिलंस ते त्या नवऱ्याला ऐकू आलं नाही. पैसे सगळ्यांनी दिले. काहींनी जास्त दिले, ते तू परत केलेस. दीड तासानं तू आलीस, चेहरा उन्हानं तांबूस झालेला, ओठ कोरडे, आणि पैसे चटईवर ठेवलेस. साहेबानं मोजले, आम्ही सगळ्या उठलो, मी वणीला गेले आणि पट्टा आणला. खरंच आणला. त्या दिवशी दुपारी चक्की सुरू झाली.

दिवे लागायच्या वेळी मी तुझ्या खोलीत आले. मला रडायचं होतं, पाय धरायचे होते, काय काय ठरवलं होतं. तू चुलीसमोर बसलेली. मला बसायला पाट सरकवलास, गरम भाकर मोडून ताटलीत टाकलीस आणि मी खायला लागल्यावर म्हणालीस, ‘बाहेर तुमी म्हन, चालते. पन वर पाहून म्हनत जाय. खाली पाहून बोल्ली तर साहेबाले समजते.’ बास. एवढीच तुझी बोलणी. दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर मी आज हे लिहीत बसले नसते. पट्ट्यासाठी लेकीनं आपल्याला उभं केलं, अशी तू मनाची समजूत घातलीस आणि वर मला खोटं नीट कसं बोलायचं ते शिकवलंस. मी ती भाकर खाल्ली, पाणी प्यायले आणि घरी गेले. पाय धरायचे राहूनच गेले.

त्यानंतर तुझी चूल पहिल्यासारखी राहिली नाही. तुला ते माझ्याआधी कळलं. ड्रायव्हर वाईट माणसं नव्हते. त्यांना वाटलं माय अडचणीत आहे, म्हणून ते जेवल्याबरोबर रोख द्यायला लागले. मला तर आनंदच झाला, म्हटलं आता कसं धंद्यासारखं चाललं. पण रोख देणारा माणूस कुठंही जेवतो. तुझ्याकडं परत यायला त्यांना जे बांधून ठेवायचं ते देणंच तर होतं. पेट्रोल पंपाजवळ एक ढाबा निघाला, पंखे, खुर्च्या, थंड पाणी, आणि एकेक करून ट्रक तिकडं थांबायला लागले. तू परातीत पीठ कमी घ्यायला लागलीस. मी चक्कीवरून पाहायचे, तू दहाच्या आत परत यायचीस, डब्यात भाकरी उरलेल्या. दर आठवड्याला रोकडा लागणारा हप्ता तुझ्या धंद्याला मानवणारा नव्हता, हे आज मला समजतं, आज मी मिटिंगांमध्ये नव्या पोरींना ते सांगतेसुद्धा. कोणाकडून शिकले ते नाही सांगत.

दोन वर्षांनी तुझ्या छातीचं दुखणं निघालं. वणीच्या दवाखान्यात तू सहा दिवस होतीस आणि मी सहाही दिवस तुझ्या खाटेपाशी. नर्स कागद घेऊन आली, पेशंटच्या कोण तुम्ही, म्हणाली. मी तोंड उघडलं होतं, याडी. देवाची आण, मी खरं सांगणार होते, तिथं कुठं साहेब होता? पण माझ्याआधी तूच धापा टाकत म्हणालीस, ‘शेजारीन हाय. लय करते माह्यं.’ नर्स माझ्याकडं पाहून हसली आणि म्हणाली, असे शेजारी नशिबानं मिळतात. मी मान डोलावली. तू सवयीनं म्हणालीस, का मला सांभाळायला म्हणालीस, का मला ऐकवायला, हे मी दहा वर्षं उलटंसुलटं करून पाहते आहे. मला ऐकवायलाच म्हणाली असशील तर बरं, असंही कधी कधी वाटतं.

तू गेलीस त्या सकाळी शिवणवालीनं साहेबाला फोन केला. कर्जाबरोबर काढलेल्या विम्याचं लवकर कळवावं लागतं, नाहीतर कर्ज गटाच्या डोक्यावर बसतं, हे सगळ्यांना पाठ होतं. तो लगेच आला, गाडी लांब उभी केली, चपला काढल्या, तुला हात जोडले. माणूस भला होता, वाईट कसं म्हणू. घरचं कोण आहे, विचारलं त्यानं. मी म्हटलं, मुलगा निघालाय उमरखेडवरून. मग त्याला तुझा फोटो काढायचा होता, कागदाला लागतो म्हणून, आणि मी तुझ्या चेहऱ्यावरचा पदर बाजूला केला. खोटं निघालं तर पाचही कर्जं एकदम मागतील, ही भीती तिघींच्या डोळ्यांत मला दिसत होती. आपल्याकडं आई गेल्यावर लेक कशी रडते ते तुला सांगायला नको. गळा मोकळा सोडून, सूर धरून, आईला हाका मारत, तिचं सगळं आयुष्य गात रडते. माझी नानी, तुझी याडी, गेली तेव्हा तू तशी रडलीस, मी पाहिलं आहे, सगळा तांडा थांबला होता. आणि मी त्या बायांच्या रांगेत उभी राहून तोंडाला पदर लावला आणि डोळे पुसले. मी शेजारणीसारखी रडले. संध्याकाळी भावाबरोबर तांड्यातल्या बाया आल्या, गळ्यात पडल्या, त्यांनी सूर धरला, माझा सूर लागलाच नाही. शहराकडं राहून कोरडी झाली पोट्टी, असं एक म्हातारी म्हणाली. मी ऐकून घेतलं.

विम्याच्या कागदावर गटप्रमुखाचा जबाब लागतो. मृताशी नातं, अशी एक ओळ होती. मी शेजारीण लिहिलं आणि खाली माझी मराठीतली वळणदार सही केली. तुझं उरलेलं कर्ज माफ झालं, म्हणजे खरं तर माझं झालं, चक्कीतलं. दोन महिन्यांनी गटाला मोठं कर्ज मिळालं, त्यात मी दुसरी मोटर घेतली. त्याच चक्कीवर माझी पोरगी शिकली, नागपूरला नोकरीला लागली. ती फोनवर नानीचं काही विचारते तेव्हा मी विषय बदलते. तिला तिचे हात सोडवल्याचं आठवत असेल का, हे विचारायची माझी हिंमत नाही.

आता गट मोडला. फायनान्सवाले आमच्या वस्तीत येत नाहीत, साहेब बदली होऊन कुठं गेला कोणास ठाऊक. भ्यायला कोणी उरलं नाही, तरी काल त्या पोरीसमोर माझी जीभ उचलेना. आज दुपारी लाइट गेली, चक्की बंद होती, बाया डबे ठेवून घरी गेल्या. मी गल्ल्यावर फॉर्म उलगडला आणि त्या रकान्यात तुझं नाव लिहिलं. तांड्यातलं नाही, कार्डावरचं, पूर्ण. पिठाचा हात लागून कागदावर बोट उमटलं, ते तसंच राहू दिलं. उद्या नेऊन देईन, ती पोरगी पाहणारही नाही, शिक्का मारेल आणि पुढचीला हाक मारेल. इतकं सोपं होतं.

हे पत्र कुठं टाकणार? बटव्यात घडी करून ठेवते, आता त्यात दुसरं काही नसतं. पण ठेवायच्या आधी एक राहिलं आहे ते सांगते, वर पाहून सांगते. त्या मंगळवारी तुला वाटलं बटव्यात पट्ट्याचे पैसे आहेत, म्हणून तू मला माफ केलंस. बटव्यात पट्ट्याचे होते, याडी, आणि तुझ्या हप्त्याचेही होते.